विश्लेषण : परीक्षेत न वाचलेली कविता आली तर? अमेरिकेतील ‘एपी लिटरेचर’ आणि आपले चार गुणांचे रसग्रहण

दरवर्षी मे महिन्यात अमेरिकेतील लाखो शालेय विद्यार्थ्यांसमोर एक कविता ठेवली जाते. त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती आधी कधीच वाचलेली नसते. वर्गात तिचा अर्थ सांगितलेला नसतो आणि गाइडमध्ये तिचे उत्तर नसते. साधारण ४० मिनिटांत या कवितेवर निबंध लिहायचा असतो. आपल्याकडे बारावीच्या इंग्रजीच्या पेपरातही कवितेचे रसग्रहण विचारतात, पण ती कविता पुस्तकातलीच असते आणि तिचे उत्तर अनेकदा आधीच पाठ झालेले असते. फरक दिसतो प्रश्नपत्रिकेत, पण त्याचा परिणाम वर्षभराच्या शिकवण्यावर होतो. कवितेचा अर्थ शिकवायचा की कविता वाचायला शिकवायचे, हा खरा प्रश्न आहे.

‘एपी लिटरेचर’ म्हणजे काय?

‘एपी’ म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’. शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकण्याची ही सोय आहे. ‘सॅट’ परीक्षा घेणारी ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्थाच ती चालवते. या योजनेतील पहिल्या परीक्षा १९५६ मध्ये झाल्या. आज गणित, भौतिकशास्त्र, इतिहास, कला अशा अनेक विषयांत ‘एपी’ घेता येते. त्यातला ‘इंग्लिश लिटरेचर अँड कॉम्पोझिशन’ हा साहित्याचा विषय. आपल्या अकरावी-बारावीच्या वयाचे विद्यार्थी तो घेतात.

परीक्षेत १ ते ५ अशी श्रेणी मिळते. ३ किंवा त्याहून अधिक श्रेणी मिळाल्यास अनेक महाविद्यालये त्या विषयाचे श्रेयांक देतात किंवा पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम माफ करतात. मात्र कोणती श्रेणी मान्य करायची, हे प्रत्येक महाविद्यालय स्वतः ठरवते.

या विषयाला नेमलेले एकच पाठ्यपुस्तक नसते. कोणत्या कविता, कोणती नाटके, कोणत्या कादंबऱ्या शिकवायच्या, हे शिक्षक ठरवतात. कॉलेज बोर्ड पुस्तकांऐवजी कौशल्यांची यादी देते. पात्रे, स्थळ-काळ, रचना, निवेदक, शब्दयोजना आणि प्रतिमा, आणि या सगळ्यांवरून स्वतःचा मुद्दा मांडणे, ही ती कौशल्ये.

परीक्षेत नेमके काय विचारतात?

परीक्षा तीन तासांची असते. पहिल्या तासात ५५ बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. ते पाच उताऱ्यांवर असतात, त्यांत कथात्म गद्य आणि कविता दोन्ही येतात. या भागाला ४५ टक्के भार असतो. उरलेल्या दोन तासांत तीन निबंध लिहायचे असतात, त्यांना ५५ टक्के भार.

पहिला निबंध दिलेल्या कवितेवर, दुसरा दिलेल्या गद्य उताऱ्यावर. तिसऱ्यात एखादे सूत्र दिलेले असते आणि विद्यार्थ्याने स्वतः वाचलेल्या कादंबरीच्या किंवा नाटकाच्या आधारे त्यावर लिहायचे असते. सोबत पुस्तकांची यादी असते, पण यादीबाहेरचे पुस्तकही चालते. मे २०२५ पासून ही परीक्षा संगणकावर होऊ लागली आहे.

कवितेच्या प्रश्नात कवीचे नाव, प्रकाशनाचे वर्ष आणि कवितेत काय चालले आहे याची एक-दोन वाक्ये दिलेली असतात. म्हणजे ‘कवितेत काय आहे’ हे बऱ्याच अंशी प्रश्नकर्त्यानेच सांगून टाकलेले असते. विचारलेले असते ते एवढेच : कवीने हे कसे साधले?

पण अपठित कविताच का?

याचे मूळ जवळपास शंभर वर्षांमागे, केंब्रिज विद्यापीठात आहे. तिथले प्राध्यापक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाटल्या आणि मत लिहून द्यायला सांगितले. इंग्रजी साहित्य शिकणारी ही हुशार मुले होती. तरीही अनेकांना कवितेचा साधा वाच्यार्थही लागला नव्हता. काहींनी नामवंत कवींच्या कवितांना नावे ठेवली, तर सुमार कवितांची तारीफ केली. अशा १३ कविता आणि त्यांवरील विद्यार्थ्यांची टिपणे घेऊन रिचर्ड्स यांनी १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक प्रसिद्ध केले.

कवीचे नाव काढून घेतले की कविता वाचता येते की नाही, हे लगेच उघडे पडते, हा त्यातला धडा. विद्यार्थी बऱ्याचदा कवितेवर बोलतच नव्हते. त्या विषयावरचे ठरीव विचार ते कवितेवर चिकटवत होते. पाऊस आला की विरह, आई आली की त्याग, असा हा प्रकार.

पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत क्लीन्थ ब्रूक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांचे ‘अंडरस्टँडिंग पोएट्री’ आले. कवीचे चरित्र आणि कवितेतला बोध बाजूला ठेवून शब्दांकडे बारकाईने बघण्याची शिस्त त्याने महाविद्यालयांत रुजवली. १९५६ मध्ये, म्हणजे पहिल्या एपी परीक्षा झाल्या त्याच वर्षी, लॉरेन्स पेरिन यांचे ‘साउंड अँड सेन्स’ निघाले आणि हीच पद्धत शाळांच्या वर्गात पोहोचली. एपीच्या प्रश्नपत्रिकेवर या परंपरेची छाप आजही आहे.

मग वर्गात कविता शिकवतात कशी?

अपठित कविता येणार म्हटल्यावर शिक्षकाला अर्थ सांगून मोकळे होता येत नाही. आज सांगितलेला अर्थ उद्याच्या कवितेला लागू पडत नाही. त्यामुळे वाचण्याच्या सवयी शिकवाव्या लागतात. त्या साधारण अशा :

*आधी मोठ्याने वाचायचे, तेही विरामचिन्हांप्रमाणे.* कवितेची ओळ संपली म्हणजे वाक्य संपले असे नसते. मुले ओळीच्या टोकाला थांबतात आणि तिथेच अर्थ तुटतो. पूर्णविरामापर्यंत वाचले की निम्म्या अवघड वाटणाऱ्या कविता सोप्या होतात.

*मग साध्या गद्यात सांगायचे.* कर्ता कोण, क्रियापद कोणते, कोणाला काय झाले? या पायरीला फाटा दिला की पुढचे सगळे विवेचन हवेत राहते.

*बोलतो आहे तो कोण?* कवितेतला ‘मी’ म्हणजे कवीच, असे मानायचे नाही. मराठी मुलांना हे समजायला खरे तर सोपे जावे. एकनाथांच्या भारुडांत कधी जोशी बोलतो, कधी वासुदेव. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत विरहिणी स्त्री बोलते. तिथला ‘मी’ म्हणजे खुद्द संतच, असे आपण समजत नाही.

*वळण कुठे आहे?* बहुतेक चांगल्या कविता जिथून निघतात तिथेच संपत नाहीत. कुठेतरी ‘पण’ येतो, काळ बदलतो, आवाज हळू होतो. इटालियन धाटणीच्या सुनीतात हे वळण बहुधा आठव्या ओळीनंतर येते, शेक्सपिअरच्या सुनीतात अनेकदा शेवटच्या दोन ओळींशी. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते आणि संत स्वतःच्या नावाने बोलू लागतो, तेही एक वळणच.

*शेवटी एकेका शब्दापाशी थांबायचे.* हे कसे, ते मराठीतल्या साध्या वाक्यावरून पाहू. ‘आई गप्प बसली’ ही नुसती माहिती झाली. ‘आई गप्पच बसली’ म्हटले की ती बोलेल अशी अपेक्षा होती, हे कळते. ‘आईच गप्प बसली’ म्हटले की बाकीचे बोलत होते आणि जिने बोलायला हवे होते तीच बोलली नाही, असे होते. घटना तीच, पण एका ‘च’च्या जागेने घरातले चित्र बदलले. कवितेचे बारकाईने वाचन म्हणजे हा ‘च’ कुठे आहे ते शोधणे आणि त्याने काय बदलले ते सांगणे.

पटकन आठवावे म्हणून अनेक शिक्षक या पायऱ्यांची आद्याक्षरे जोडून ‘टीपीकास्ट’ असा शब्द वापरतात. त्यात शीर्षक, गद्यरूप, शब्दांच्या छटा, वृत्ती, वळण, पुन्हा शीर्षक आणि शेवटी आशय, असा क्रम असतो. आशय अगदी शेवटी येतो, हे महत्त्वाचे. आपल्याकडे बहुतेक वेळा सुरुवातच ‘या कवितेतून कवीने असा संदेश दिला आहे’ या वाक्याने होते.

अशा उत्तराला गुण कसे देणार?

दर निबंधाला ६ गुण असतात. कवितेबद्दल स्वतःचा, वाद घालता येईल असा मुद्दा मांडला तर १ गुण. प्रश्नातलीच वाक्ये फिरवून लिहिली तर तो मिळत नाही. पुरावा आणि विवेचन यांना मिळून ४ गुण. उरलेला १ गुण समज किती खोल आहे याचा. तो सहजासहजी मिळत नाही.

मधल्या चार गुणांत खरी मेख आहे. कवितेचा नुसता सारांश लिहिला तर त्यातला साधारण एकच गुण पदरात पडतो. अलंकार ओळखून त्याचे नाव लिहिले, पण त्याने कवितेत काय घडले ते सांगितले नाही, तरी फार पुढे जाता येत नाही. ‘इथे उपमा आहे’ हे उत्तर नव्हे. ‘ही उपमा काढली असती तर काय हरवले असते’ हे उत्तर. उत्तरपत्रिका तपासायला दर जूनमध्ये देशभरातले शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक एकत्र येतात. नमुना उत्तरे आधी चर्चेला घेतात, म्हणजे परीक्षकापरीक्षकांत फार तफावत पडत नाही. दोन विद्यार्थ्यांनी एकाच कवितेचे वेगळे अर्थ लावले आणि दोघांनीही ते शब्दांच्या आधारे पटवून दिले, तर दोघांनाही पूर्ण गुण मिळू शकतात.

म्हणजे ही पद्धत निर्दोष आहे का?

नाही. अमेरिकेतही तिच्यावर टीका होते आणि त्यातली बरीच रास्त आहे.

पहिला आक्षेप ठोकळेबाजपणाचा. सहा गुणांची वाटणी ठाऊक झाली की शिकवण्या आणि मार्गदर्शक पुस्तके तिचा साचा तयार करतात. मुद्द्याचे वाक्य कसे सुरू करायचे, कोणते विशेषण कुठे घालायचे, हेही पाठ होते. अपठित कवितेची परीक्षासुद्धा अशा रीतीने ‘पठित’ होऊन जाते.

दुसरा आक्षेप आनंदाचा. प्रत्येक कविता उलगडण्यासाठीच असते असे मुलांच्या मनात बसले, तर शाळा सुटल्यावर ती कविता हातात घेतील कशाला? याच भावनेतून अमेरिकेचे तत्कालीन राजकवी बिली कॉलिन्स यांनी ‘पोएट्री १८०’ हा उपक्रम सुरू केला. शाळेच्या १८० दिवसांसाठी १८० कविता. रोज एक कविता सर्वांना ऐकवायची. तिच्यावर प्रश्न, चर्चा, निबंध काही नाही. २००५ पासून ‘पोएट्री आउट लाउड’ ही काव्यपठणाची स्पर्धाही शाळांमध्ये होते. तिथे कविता तोंडपाठ करून म्हणायची असते. पाठांतर इथेही आहे, पण ते कवितेचे आहे, तिच्यावरच्या उत्तराचे नव्हे.

तिसरा आक्षेप जुना आहे. ब्रूक्स आणि वॉरन यांचे पुस्तक आले त्याच १९३८ मध्ये लुईस रोझेनब्लॅट यांनी ‘लिटरेचर अ‍ॅज एक्स्प्लोरेशन’ लिहिले. कविता कागदावर पूर्ण नसते, वाचणारा आपले आयुष्य घेऊन तिच्यापाशी येतो तेव्हा ती घडते, असे त्यांचे म्हणणे. केवळ शब्दांकडे बघा आणि स्वतःला विसरा, हे त्यांना मान्य नव्हते. चांगल्या वर्गात आज दोन्हींचा मेळ घातला जातो. ‘तुला काय वाटले?’ हा पहिला प्रश्न, आणि ‘कोणत्या शब्दामुळे तसे वाटले?’ हा दुसरा.

शिवाय प्रत्येक शाळेत एपीचे वर्ग नसतात. त्यामुळे कविता वाचण्याची ही शिस्त कोणाला मिळते, याचे उत्तर तिथेही राहत्या वस्तीवर आणि शाळेच्या ऐपतीवर अवलंबून असते.

महाराष्ट्रात काय चित्र आहे?

राज्य मंडळाच्या बारावी इंग्रजीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत कवितेचा विभाग १४ गुणांचा आहे. १० गुण पुस्तकातल्या कवितेच्या उताऱ्यावरील कृतींना, ४ गुण रसग्रहणाला. गद्याचा अपठित उतारा पेपरात येतो, कविता मात्र पुस्तकातलीच असते. रसग्रहणासाठी मुद्दे दिलेले असतात. मराठीत तर ‘आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये’ ही तीन शीर्षके दहावीपासूनच तोंडात बसलेली असतात. मुद्दे चुकीचे नाहीत. पण कविता ठरलेली, मुद्दे ठरलेले, मग उत्तरही ठरून जाते. ते लिहिण्यासाठी कविता वाचावीच लागते असे नाही.

याने काय हरवते, त्याचे उदाहरण याच पुस्तकात आहे. २०२० मध्ये आलेल्या बारावीच्या ‘युवकभारती’त दिलीप चित्रे यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही इंग्रजी कविता आहे. चित्रे (१९३८-२००९) मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणारे कवी. तुकारामांचे अभंग त्यांनी इंग्रजीत नेले. या कवितेत उशिराच्या लोकलने घरी परतणारा एक म्हातारा बाप आहे. मुले त्याच्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत. ‘शहरी जीवनातील वृद्धांचा एकाकीपणा’ असा कवितेचा आशय एका ओळीत सांगता येतो आणि तो बरोबरही आहे.

आता ‘बोलतो आहे तो कोण?’ हा प्रश्न विचारून पाहा. बोलतो आहे मुलगा. मग बाप गाडीत उभा असताना तो मुलगा कुठे होता? भिजलेले कपडे, फाटायला आलेली पिशवी, हे त्याला कुठून दिसले? तो सोबत असता तर बाप एकटा नसता. सोबत नव्हता, तर तो हे कल्पनेने किंवा आठवणीने बघतो आहे. ज्याला बापाची इतकी बारीक नोंद आहे, तो त्याच्याशी बोलत का नाही? न बोलणाऱ्या मुलांत तोही आहे का?

इथे कविता ‘वृद्धांची समस्या’ राहत नाही. ती वाचणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाची होते. त्याचाही बाप कदाचित कल्याण किंवा विरारची गाडी पकडून, नाहीतर शेवटच्या एसटीने, रात्री उशिरा घरी येतो आणि मुलगा मोबाइलवरून मान वर करत नाही. हा प्रश्न गाइड विचारत नाही, कारण त्याचे तयार उत्तर देता येत नाही.

इथल्या वर्गात काय करता येईल?

अभ्यासक्रम बदलण्याची वाट न पाहता काही गोष्टी आजही शक्य आहेत. पंधरवड्यातून एकदा दहा-बारा ओळींची अपठित कविता फळ्यावर लिहावी, कवीचे नाव झाकावे. दोन मुलांनी ती मोठ्याने वाचावी. मग प्रत्येकाने दोनच वाक्ये लिहावीत : कवितेत कुठे काहीतरी बदलले, आणि कोणत्या शब्दाने. ७०-८० मुलांच्या वर्गातही यासाठी वीस मिनिटे पुरतात. सगळ्या वह्या तपासण्याची गरज नाही. परस्परविरोधी दोन उत्तरे वाचून दाखवली तरी वर्ग बोलू लागतो.

इंग्रजीचा धाक असेल तिथे हाच सराव आधी मराठी कवितेवर करावा. वळण, निवेदक, शब्दाची छटा या गोष्टी एका भाषेत उमगल्या की दुसऱ्या भाषेत वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत. उरतो तो शब्दसंग्रहाचा प्रश्न आणि तो शब्दकोशाने सुटतो.

मंडळानेही १४ पैकी ४ गुण अपठित कवितेसाठी ठेवून पाहायला हरकत नाही. सुरुवातीला गुण कमी पडतील, पालक नाराज होतील. पण मोबाइलवर कोणत्याही कवितेचा सारांश काही सेकंदांत मिळतो, अशा काळात सारांशाला गुण देत राहण्यात अर्थ नाही.

परदेशातील मराठी पालकांसाठी काय?

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत मुलांनी एपी गणित, एपी भौतिकशास्त्र घेतले की पालकांना त्यातले कळते. साहित्याचा विषय आला की ‘याचे बरोबर उत्तर कुठे मिळेल?’ असा प्रश्न पडतो. तसे उत्तर कुठेही ठेवलेले नसते. श्रेयांक मिळतील की नाही, ते ज्या महाविद्यालयात जायचे त्याच्या संकेतस्थळावर आधी पाहावे. बाकी तयारीसाठी शिकवणीपेक्षा दोन गोष्टी अधिक कामाच्या : वर्षभरात दोन-तीन चांगल्या कादंबऱ्या किंवा नाटके नीट वाचून होणे, आणि घरात कोणीतरी आठवड्याला एक कविता मोठ्याने वाचणे. ती मराठी असली तरी चालेल. वाचून झाल्यावर अर्थ समजावून सांगण्याची घाई करू नये. ‘यातला कोणता शब्द बदलला तर कविता मोडेल?’ एवढे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.